तुझं म्हणणं, बाबांचं म्हणणं

सोमवार, २ मार्च

प्रिय बारक्या,

तू फोन उचलत नाहीस यात तुझी चूक नाही. मागच्या वेळी आपण बोलत असताना बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि पुढचं सगळं शेजारच्या वेल्डरपर्यंत ऐकू गेलं. फोन मी दिला नव्हता. पण घट्ट धरलाही नव्हता, हे मागाहून माझ्या लक्षात आलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. म्हणून आता पत्र लिहिते आहे. कागद ओढून घेऊन त्यात कोणाला ओरडता येत नाही.

काय घडलं ते आधी माझ्या समजुतीप्रमाणे लिहिते. चुकलं असेल तिथे खूण कर.

आपल्या कारखान्यात काचेची मोठी शीट उतरवताना मामांचा तळहात कापला. (त्यांना आपण मामा म्हणतो, म्हणून तुझ्या मंडळातली मुलं त्यांना आपले नातेवाईक समजतात. त्यांना एकदा सांगून टाक की ते आपल्याकडे पगारावर आहेत. तुझा मुद्दाच तो आहे ना?) बाबा त्यांना दवाखान्यात घेऊन गेले, टाके पडेपर्यंत शेजारी बसले, महिनाभर घरी डबा पोचवला, पगारही कापला नाही. मग छोट्या कारखान्यांतल्या कामगारांसाठीच्या नव्या कायद्याच्या बाजूने तुमच्या मंडळाची सभा झाली आणि तू व्यासपीठावरून बोललास. मी ते भाषण ऐकलं आहे. कोणीतरी बाबांनाही पाठवलं. "माझ्या घरातच एक मालक आहे. तो चांगला आहे. पण चांगला मालक म्हणजे चांगलं हवामान. आज ऊन आहे, उद्याचं कोण सांगणार? आम्हाला हवामान नको, छप्पर हवं." टाळ्या खूप पडल्या. खरं सांगते, मलाही वाजवाव्याशा वाटल्या. पण मी त्या वेळी बाबांच्या शेजारी बसले होते.

बाबांनी ते दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "मी मालक कधी झालो?"

त्यानंतरचं भांडण तुला पाठ असेल. तू पिशवी उचलून टायरवाल्याच्या वरच्या खोलीत गेलास. बाबांनी दुसऱ्या दिवशी कारखानदार संघाचा फलक आपल्या खिडकीत लावला, "नवा कायदा नको" असा. आतापर्यंत त्यांनी कुठल्याच संघाचं काही लावलं नव्हतं, म्हणून सांगते. आत्या म्हणाली, "उजेड अडतोय." तरी फलक खिडकीतच आहे.

आता मुद्द्यावर येते. चौदा तारखेला, शनिवारी, तुमचं मंडळ आपल्या गल्लीतल्या छोट्या कारखान्यांसमोर पाट्या घेऊन उभं राहणार आणि पहिलं दार आपलं, असं वेल्डर सांगून गेला. बाबांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "शनिवारी तो मला रस्त्याच्या पलीकडे दिसला, तर या दारातून पुन्हा आत नाही." त्यांनी ओरडून सांगितलं असतं तर मी घाबरले नसते.

शनिवारच्या आधी एकदा त्यांच्यासमोर येऊन बस. माझं एवढंच मागणं आहे. तुझं मत बदल असं मी म्हणत नाही. मला स्वतःलाच कळत नाहीये की कोणी काय बदलायला हवं.

तुझी,
ताई


शुक्रवार, ६ मार्च

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. "येऊन काय करू? ते ऐकणार नाहीत." अक्षर मात्र अजून आत्याने लावलेल्या वळणाचं आहे, ते पाहून बरं वाटलं.

त्यावरून एक सुचलं आणि मी ते करूनही बसले. चांगलं केलं की वाईट, ते तू ठरव.

पॅकिंगच्या टेबलावर आत्या आपल्याला शिकवायची ते तुला किती आठवतं? तू लहान होतास. माझी तर दहाव्या वर्षापर्यंतची सगळी शाळा त्याच टेबलावर झाली. आपण भांडलो की ती निकाल द्यायची नाही. आधी मी तुझं म्हणणं सांगायचं, मग तू माझं. समोरचा "हो, हेच" म्हणेपर्यंत स्वतःचं बोलायला मिळायचं नाही. एकदा रंगीत काचेच्या तुकड्यावरून आपण जेवायच्या वेळेपर्यंत असे अडकलो होतो, आणि शेवटी तुकडा कोणाला हवा होता तेच दोघं विसरलो.

तर परवा बाबा काचेच्या कडा घासत होते. यंत्र थांबल्यावर मी म्हटलं, "बाबा, बारक्याचं म्हणणं मी सांगू?"

"तुला त्याने वकील नेमलंय?"

"नाही. मीच आपली."

"सांग. फुकट वकील आहे तर ऐकून घेतो."

मग मी सांगितलं. तुम्ही चांगले आहात हे त्याला मान्य आहे, म्हटलं. मामांच्या बाबतीत तुम्ही केलंत ते कायद्यानेही झालं नसतं. पण दोन दारं सोडून जो कारखाना आहे, तिथल्या पोराचं बोट गेलं तेव्हा त्याला दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं. त्याने कोणाच्या चांगुलपणाची वाट पाहायची? आणि मामांना उद्या तुमच्याशी भांडायचं असेल तर? डबा पाठवणाऱ्या माणसाशी कोणी भांडू शकत नाही. त्याला तुमचे उपकार खोडायचे नाहीत. मामांना मान वर करून बोलता यावं, एवढंच त्याला हवं आहे.

बोलता बोलता माझा आवाज चढला. हात हलवायला लागले होते मी. बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तूही."

"नाही बाबा, मी त्याचं म्हणणं सांगतेय."

"एवढं चांगलं दुसऱ्याचं कोणी सांगतं का?"

त्या दिवसापासून ते मला "बाईसाहेब" म्हणतात. "बाईसाहेब, ती पट्टी द्या." "बाईसाहेबांचे कामाचे तास संपले का?" आत्याला मी सांगितलं, तुझ्याच युक्तीने घोळ झाला. तिने कानामागे हात नेला. "काय गं? ऐकू येत नाही." गॅसवर दूध उतू जायला आलं की मात्र तिला आतल्या खोलीतून ऐकू येतं.

वर लिहिलं ते तुझंच म्हणणं आहे ना? तेवढं कळव. तू "हो, हेच" म्हणालास तर निदान एक गोष्ट माझ्या हातून नीट झाली असं होईल.

ताई


मंगळवार, १० मार्च

बारक्या,

"हो, हेच. माझ्यापेक्षा बरं सांगितलंस. पुढच्या सभेला येतेस का?" तुझं हे कार्ड मी पाठ केलं आणि ड्रॉवरमध्ये खाली ठेवलं. आनंद झाला, मग त्या आनंदाची भीती वाटली.

आता बाबांचं. तुला त्यांचं म्हणणं सांगायचं, तर आधी त्यांच्याकडून "हो, हेच" घ्यायला हवं. मला वाटलं होतं हे सोपं जाईल. मी त्यांच्याजवळच राहते, त्यांचंच बघून काच कापायला शिकले. पण तीनदा चुकले.

पहिल्यांदा मी म्हटलं, "तुम्हाला वाटतं की कायदा आला तर आपल्याला परवडणार नाही."

"नाही."

"तपासायला माणसं येतील, कागद मागतील, त्रास देतील."

"येऊ देत. आपल्याकडे झाकण्यासारखं काय आहे? धूळ?"

मग मी जरा धीर केला. "बारक्या तुम्हाला मालक म्हणाला, त्याचा राग आहे."

यावर त्यांचा कटर काचेवर थांबला. मामा कोपऱ्यात आरशाला कागद गुंडाळत होते, त्यांचाही हात थांबला. बाबा म्हणाले, "राग आहे. पण म्हणणं ते नाही. राग वेगळा, म्हणणं वेगळं. एवढं शिकवलं नाही का आत्याने?"

"मग तुम्हीच सांगा ना."

त्यांनी हातातला कटर खाली ठेवला. हे मी शब्दशः लिहिते आहे, कारण लगेच आत जाऊन टिपून ठेवलं. "मामाच्या हातातून रक्त वाहत होतं तेव्हा मी हातातलं काम टाकून गेलो. कोणी लावलं नव्हतं मला. दवाखान्यातल्या त्या बाकावर बसलो तेव्हा मी त्याचा होतो आणि तो माझा होता. उद्या तेच मी कलम अमुकप्रमाणे करणार. तो सही करणार, मी सही करणार. मग मी बसलो काय आणि न बसलो काय, कागद तोच. मला मेहेरबानी करायची हौस नाही गं. पण माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच आहे, आणि हा पोरगा म्हणतो ते मोजून द्या."

मी म्हटलं, "हो, हेच." वास्तविक ते त्यांनी म्हणायचं असतं. पण माझ्याच तोंडून निघून गेलं.

बारक्या, हे तू ऐकावंस. मला हे खरं वाटतं. तुझंही खरं वाटतं. दोन्ही एकाच वेळी खरी कशी असू शकतात ते मला समजत नाही, आणि कोणाला विचारावं तेही समजत नाही. मामांना विचारलं, हात त्यांचा आहे म्हणून. ते म्हणाले, "शेवटी विचारलं कोणीतरी! पोराचं बरोबर आहे. बाबांचंही बरोबर आहे. शनिवारी मी दुपारपर्यंत आत काम करीन आणि दुपारनंतर बाहेर उभा राहीन."

"मामा, असं कसं चालेल?"

"का? दोन पाय आहेत मला."

तू शनिवारच्या आधी ये. गुरुवारी संध्याकाळी बाबा लवकर मोकळे असतात.

ताई


शुक्रवार, १३ मार्च

बारक्या,

काल तू आला नाहीस. आज कार्ड आलं. "म्हणजे तू त्यांचीच झालीस. देण्यासारखं तेवढंच आहे म्हणे! हेच तर प्रत्येक मालक म्हणतो. मी शनिवारी येणार, पलीकडे उभा राहणार. आता लिहू नकोस."

लिहू नको म्हणालास तरी लिहिते आहे. हे तुझ्या इच्छेविरुद्ध आहे याची मला जाणीव आहे. वाचलं नाहीस तरी चालेल.

बाबा म्हणतात मी तुझी झाले, तू म्हणतोस मी त्यांची झाले. दोघांनी एकमेकांना पत्ता न लागू देता हे ठरवलंय असं वाटावं. आज कामावर मी एक खिडकीची काच चुकीच्या मापाची कापली, हे माझ्याकडून कधी होत नाही. बाबा रागावलेसुद्धा नाहीत. "राहू दे, बाईसाहेब. छोट्या चौकटीला होईल," म्हणाले. त्यांनी रागावलेलं परवडलं असतं.

तुम्ही दोघं एकमेकांचं नीट ऐकाल म्हणून मी मध्ये उभी राहिले, आणि आता तुम्ही दोघंही माझ्याशी भांडता आहात. माझी चूक कुठे झाली ते शोधते आहे. कदाचित मी तुमचं म्हणणं फार चांगलं सांगितलं. थोडं वाईट सांगितलं असतं तर तुम्ही वैतागून स्वतःच सांगायला धावला असता.

माझं स्वतःचं म्हणणं काय, तेही मांडून पाहिलं. आत्या समोर बसली होती. "कायदा हवा," मी म्हटलं. "पण बाबांनी बाकावर बसणंही हवं. पण ते कायद्यात लिहिता येत नाही. पण न लिहिलेल्या गोष्टी विसरल्या जातात. पण लिहिलेल्याही..."

"किती पण गं," आत्या म्हणाली. "एक काहीतरी बोल म्हणजे मला ऐकू तरी येईल."

मी उठून हे पत्र लिहायला बसले.

उद्या तू पलीकडे असशील तर मी कुठे उभी राहू? दारात उभी राहिले तर बाबांच्या बाजूची दिसेन, पलीकडे गेले तर तुझ्या. घरात थांबले तर पळपुटी. हा माझा प्रश्न आहे, तुझा नाही. पण बाबांचा शब्द तुला माहीत आहे. ते शब्द फिरवत नाहीत. तू त्यांना पलीकडे दिसलास तर संपलं. तुला मी अजून एकदा विनवते, आणि त्याच वेळी मला माहीत आहे की तू न येणं म्हणजे तुझ्या मंडळातल्या मुलांसमोर तोंड लपवणं. तेही तू करू नयेस असं मला वाटतं. आता यातून तू काय तो अर्थ काढ.

ताई


रविवार, १५ मार्च

बारक्या,

काल तू तिथे होतास, तरी मी पाहिलं ते लिहून ठेवते. नाहीतर आपल्या तिघांच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी तयार होतील आणि पुढच्या भांडणात कोणाला कुठली धरायची ते कळणार नाही.

तुम्ही आलात तेव्हा मी मापं घेत होते. पलीकडे फर्निचरवाल्याच्या भिंतीला लागून रांग लावलीत. तू शेवटी उभा होतास, पाटी तोंडासमोर धरून. पण पाटीच्या वर तुझं डोकं दिसत होतं. लपणं आता तुझ्या उंचीला जमण्यासारखं राहिलेलं नाही.

बाबा दाराकडे पाठ करून कडा घासत होते. बराच वेळ त्यांनी मान वळवली नाही. तुमच्या घोषणा सुरू झाल्या तसं त्यांनी यंत्र बंद केलं. मला वाटलं, आता बघणार. त्यांनी हात पुसले, चष्मा काढला, घडी घातली आणि आत्यापुढे धरला.

"हे धर."

"काय धरू?"

"चष्मा."

"आणि तू कुठे निघालास आंधळ्यासारखा?"

"बाहेर."

चष्म्याशिवाय बाबांना समोरच्याचं नाक आणि कान वेगळे दिसत नाहीत, हे तुला सांगायला नको. मी मागून धावले. एक स्कूटर हॉर्न वाजवत त्यांच्या कडेने गेली. मी हात धरायला गेले तर म्हणाले, "सोड. मला रस्ता माहीत आहे. समोर काय आहे ते माहीत नाही, एवढंच."

ते रांगेच्या पहिल्या टोकाला गेले. तिथे ती लांब वेणीवाली मुलगी होती. "काका, सांभाळून," म्हणाली.

"तुझं काय म्हणणं आहे?"

तिने घोषणा द्यायला सुरुवात केली.

"हे पाटीवर असेल. पाटी मला दिसत नाही. तोंडाने सांग."

ती गडबडली. मग तिने आपल्या आईचं सांगितलं, कपड्यांच्या कारखान्यात असते, आठवड्याची सुट्टी कधी मिळेल ते आदल्या संध्याकाळी कळतं. बाबांनी ऐकलं. "हे वाईट आहे," म्हणाले. पुढच्याकडे गेले. त्याच्याशी त्यांचा वाद झाला, त्याच्या पुढच्याशी जोरात झाला. एकाने "तुम्ही म्हातारे लोक" म्हणताच बाबा म्हणाले, "म्हातारा असलो तरी ऐकतोय ना? तू तरुण आहेस, तू पण ऐक." मुलं हसली. बाबांना मजा येत होती, बारक्या. मी त्यांना असं बोलताना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

मग तुझी पाळी आली.

"आणि तुझं काय?"

तू पाटी खाली केलीस. मी रस्त्याच्या मधोमध उभी होते. दारातही नाही आणि पलीकडेही नाही. मागून कोणीतरी "ताई, बाजूला व्हा" म्हणत होतं.

"काका," तू म्हणालास.

त्या शब्दाने मला कसंतरी झालं. बाबांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"काका, तुम्ही कामगाराला दवाखान्यात नेलंत, त्याच्याजवळ बसलात, हे आम्हाला माहीत आहे. ते तुमच्याकडून कोणी काढून घेत नाहीये."

"मग काय हवंय?"

"तुमच्यानंतर कोण बसणार?"

"माझी मुलगी बसेल."

"आणि तिने हा कारखाना विकला तर? घेणारा बसेल?"

"तू फार लांबचं विचारतोस."

"मला लांबपर्यंत जगायचंय, काका."

"पण पोरा, तुझा नियम आला की बसणारेही उठून जातील. म्हणतील, सही झाली, आता घरी जा. मी पाहिलंय असं."

"आणि मी नियम नसताना उठून गेलेले पाहिलेत."

"ते मीही पाहिलेत," बाबा म्हणाले.

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही, टेम्पो आला मध्ये. टेम्पो गेल्यावर बाबा म्हणत होते, "मला पटलेलं नाही." तू म्हणालास, "मलाही नाही." मग ते वळले आणि वळता वळता म्हणाले, "आवाज बसलाय तुझा. घोषणा जरा कमी द्या." तू पाटी पुन्हा वर केलीस, पण उलटी. मला नाही वाटत तुझ्या ते लक्षात आलं.

इथपर्यंत तुला माहीत होतं. पुढचं आतलं आहे.

बाबा आत येऊन स्टुलावर बसले. आत्याने चष्मा दिला. त्यांनी तो शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा पुसला, आणि डोळ्यांवर न लावता मला विचारलं, "तो होता का?"

मी म्हटलं, "कोण?"

हे खोटं बोलणं झालं का, यावर मी कालपासून विचार करते आहे. मी काहीच खोटं सांगितलं नाही. पण खरंही सांगितलं नाही. बाबा "बरं" म्हणाले आणि चष्मा लावला. "बाईसाहेब" म्हणाले नाहीत.

दुपारी मामा कबूल केल्याप्रमाणे हात धुऊन बाहेर जायला निघाले. बाबा त्यांना म्हणाले, "टोपी घाल, ऊन आहे." मामांनी टोपी घातली आणि पलीकडे जाऊन उभे राहिले. खिडकीतला फलक अजून खिडकीतच आहे. तो काढायला बाबांनी सांगितलं नाही, आणि मीही हात लावला नाही. तेव्हा काही बदललं असं कृपा करून समजू नकोस. किंवा समज. मला खरंच सांगता येत नाही.

संध्याकाळी आवराआवर करताना बाबा म्हणाले, "सोमवारी पुन्हा येणार आहेत का ही पोरं?"

"वेल्डर म्हणत होता, येणार आहेत."

"त्या शेवटच्या पोराला निरोप दे. बोलतो चुकीचं, पण मांडतो नीट. त्याला म्हणावं सकाळी माल उतरतो, काचेची गाडी मागे घ्यायला जागा लागते. त्या वेळी गर्दी नको. अकरानंतर ये म्हणावं."

"कुठे ये म्हणू बाबा? पलीकडे की इकडे?"

त्यांनी एक काच उचलली, यंत्र सुरू केलं आणि कड घासायला लागले. दिवसाचं काम संपलेलं होतं आणि त्या काचेची कड आधीच घासून झाली होती.

निरोप जसाच्या तसा लिहिला आहे, माझा एक शब्दही घातलेला नाही. टपालाने उद्याच्या आत पोचणार नाही, म्हणून हे पत्र मी स्वतः आणून टायरवाल्याकडे देते आहे. उद्या अकरानंतर. कुठे, ते मला सांगितलेलं नाही.

ताई